टर्मिन मिळाली का?

जर्मनीला माणसं हवी आहेत. नर्स हव्यात, इलेक्ट्रिशियन हवेत, संगणकवाले तर हवेतच. ऑक्टोबर २०२४ मध्ये चॅन्सेलर ओलाफ शोल्झ दिल्लीत आले, तेव्हा कुशल भारतीयांच्या व्हिसांचा वार्षिक आकडा २० हजारांवरून ९० हजारांवर नेल्याचं जाहीर झालं. टाळ्या पडल्या. पुण्यातल्या जर्मन क्लासवाल्यांच्या जरा जास्तच.

याच देशात २००० साली नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या निवडणुकीत ‘किंडर श्टाट इंडर’ ही घोषणा गाजली होती. भारतीय कशाला आणता, आपली पोरं कॉम्प्युटरवर बसवा, असा भाव. ज्यांच्या नावावर ती चिकटली ते युर्गेन रूटगर्स निवडणूक हरले. पोरंही बहुधा बसली नाहीत.

महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल तरुण पाठवायचे. पाठवायची घाई इकडे, बोलवायची घाई तिकडे. आलेल्यांचे कागद तपासायला टेबलामागे माणसं किती, हे विचारलं का कुणी?

कायदा तसा उदार आहे. ब्लू कार्ड या कुशल नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्याला २७ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा अर्ज करता येतो. बी-१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांतच. इतर कुशल कामगारांना साधारण ३ वर्षं, बाकीच्यांना ५. अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पिकवणाऱ्या भारतीयाने जळावं, इतकं सोपं.

कागदावर.

कारण कायदा होतो बर्लिनच्या संसदेत आणि अर्ज पडतो गावच्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी माणसांच्या कचेरीत. तिथे आधी टर्मिन लागते. अपॉइंटमेंट हो! जर्मनीत दोन मराठी माणसं भेटली की थंडीबद्दल नंतर बोलतात, आधी विचारतात, ‘टर्मिन मिळाली का?’

मिळत नाही. ऑनलाइन स्लॉट दिसतो न दिसतो तोच गायब होतो. मग बर्लिनसारख्या शहरात पैसे मोजले की कुणाकडे तरी तो सापडतो. एजंट ही फक्त आपल्या आरटीओची देणगी आहे, असं वाटत होतं ना?

ईमेल करून पाहा. उत्तर तत्काळ येतं: तुमचा मेल मिळाला, पुन्हा पाठवू नका, त्याने आणखी उशीर होतो. कचेरीतलं सगळ्यात कार्यक्षम कोण, तर हे उत्तर पाठवणारं यंत्र.

तीन महिने फाइल हललीच नाही तर? कोर्टात जा. सरकारने काहीच केलं नाही म्हणून सरकारवर दावा ठोकायची जर्मन कायद्यात रीतसर सोय आहे. वकिलाचं पत्र पोचलं की फाइल बऱ्याचदा आपोआप वर येते. नाहीच आली, तर सरकारी न्यायाधीश सरकारी कारकुनाला सांगतो, बाबा रे, पाकीट फोड. खर्च सरकारच्या अंगावर पडला तर भरतो कोण? करदाता. म्हणजे अर्जदारसुद्धा.

आता कागद. पगाराच्या स्लिपा, पेन्शनच्या भरण्याचा तक्ता, विमा, भाडेकरार. आणि घर पुरेसं मोठं असल्याचा पुरावा. सहा वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे १२ चौरस मीटर जागा असली की प्रश्न येत नाही. या हिशेबाने वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत मावतो एक माणूस. तिथे सात-सात जणांनी संसार केले, पोरं इंजिनिअर केली. ती पोरं आता म्युनिकमध्ये टेप घेऊन बेडरूम मोजतात.

मग जर्मनीतल्या जीवनावरची परीक्षा. ३३ प्रश्न, पीआरसाठी १५ बरोबर आले की पास. देशाचे ३०० आणि आपल्या राज्याचे १०, असे सगळे प्रश्न आधीच जाहीर. ‘२१ अपेक्षित’वर वाढलेल्या पिढीला हा अपमानच वाटावा. ईस्टरला काय रंगवायची प्रथा आहे, हे विचारतात. अंडी. कचेरीतला फोन कधी उचलतात, हे विचारत नाहीत. पेपर तपासणार कोण?

एवढं करून कार्ड हातात येतं. कायमचं. त्यावर मुदतीची तारीख असते.

म्हणजे हक्क शाबूत, पण कार्ड जास्तीत जास्त १० वर्षांचं आणि पासपोर्टाला बांधलेलं. पासपोर्ट बदलला की नवं कार्ड. नव्या कार्डासाठी काय लागतं? टर्मिन.

आणि हक्क तरी शाबूत कुठवर? सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलात तर साधारणपणे तो जातो. कोथरूडमधल्या आईचं आजारपण या मुदतीत बसवायचं. ते तिला कळवणार कोण?

यावर मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी तावातावाने बोलतंच: काय हा जाच! बरं, महाराष्ट्राचं डोमिसाइल मिळवायला आपण किती वर्षांचं वास्तव्य मागतो? १५. तिकडचे २१ महिने म्हणजे छळ, इकडची १५ वर्षं म्हणजे अस्मिता. अंधेरीच्या भाजीवाल्याला ‘मराठीत बोल’ म्हणणारेच सांगतात, जर्मन लोक भाषेच्या बाबतीत फार ताठर हो.

कार्ड मिळालं की हाच तावातावाने बोलणारा गृहस्थ बदलतो. हल्ली कुणालाही घेतात, म्हणतो. गर्दी फार झाली, म्हणतो. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांवर खार खाणारा एएफडी पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसरा आला. त्यावर याचं म्हणणं, त्यांचा राग अगदीच चुकीचा नाही, फक्त तो आपल्यावर नाही, त्या दुसऱ्यांवर आहे. ट्राममध्ये उद्या कुणी अंगावर धावून आलाच, तर तो आधी याचं कार्ड मागून नीट वाचेल, अशी याची खात्री आहे.