उसाच्या पोटातला रिफ्लेक्टर

गळीत हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टरला जो मान मिळतो, तो बॉयलरच्या खालोखाल. पाहुणे येतात, नारळ फुटतो, धुऊन उभ्या केलेल्या ट्रॉलीच्या फाळक्यावर लाल पट्टी चिकटवली जाते. ती निसटून पळेल की काय, अशा बेताने पाच जण तिला बोटाने दाबून धरतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात. ट्रॉली अर्थातच रिकामी. भरलेल्या ट्रॉलीवर पट्टी दिसली नसती, मग फोटोत काय दिसलं असतं? दुसऱ्या दिवशी तीच ट्रॉली कुंभार पिंपळगावच्या शिवारात फडावर लागते, ऊस फाळक्याच्या वर आणि बाहेर लोंबेपर्यंत रचला जातो, आणि रस्ता सुरक्षा मोळ्यांखाली दडपून कारखान्याकडे निघते. हंगामभर ती पट्टी उजेड पाहते तो परतीच्या वाटेवर, म्हणजे ट्रॉली रिकामी झाल्यावर.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यातला १०५ वा नियम सांगतो की रात्री मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. हा आकडा कोणी उगाच टाकलेला नाही. ताशी साठच्या वेगाने येणारी मोटारसायकल सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर कापते. पुढे पंक्चर होऊन उभी असलेली ट्रॉली १५५ मीटरवर दिसली, तर हातात नऊ सेकंद असतात. तीसच मीटरवर दिसली, तर दोनसुद्धा नाहीत. समोरून कुणी अप्पर मारत येत असेल, तर तीही आशा सोडावी.

मग ट्रॉलीला दिवा का नाही, यावर उत्तरं तयार असतात. वायर तुटते, भरताना दिवा फुटतो, बॅटरी पुरत नाही. पहिली दोन खरी आहेत, म्हणूनच दिवा ट्रॉलीला नव्हे, भरलेल्या उसाला बांधायला हवा: एक फळी, दोन दिवे, प्लगची लांब वायर, ऊस भरून दोर आवळला की मागे अडकवायची, खाली करताना काढून घ्यायची. गावातल्या ज्या वेल्डिंगच्या दुकानात अख्खी ट्रॉली घडते, तिथे एवढं जमणार नाही असं म्हणणं हा त्या कारागिराचा अपमान आहे. तिसरं उत्तर मात्र ऐकवत नाही. त्याच बॅटरीवर ड्रायव्हरच्या डोक्यामागे दोन साऊंड बॉक्स शेजारचं गाव उठवत असतात, टपाखाली निळ्या-हिरव्या माळा नाचत असतात, आणि पाच वॅटचा लाल दिवा म्हटलं की बॅटरी उतरते! ट्रॅक्टर पुढून वरातीसारखा आणि मागून अमावस्येसारखा. त्यात दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या, की अंधारही दुप्पट लांब.

आणि ते दगड! ट्रॉली बंद पडली की मागे चार धोंडे आणि बाभळीची फांदी, हा आपला राष्ट्रीय सिग्नल. धोंडा चमकत नाही, पेटत नाही. चाक बदलून ट्रॉली निघून जाते, धोंडे तिथेच. ज्या अपघातापासून वाचवायला ते ठेवले, तो अपघात आता ते स्वतःच घडवतात. ते उचलायला लागतो अर्धा मिनिट, आणि तेवढाही न देणाऱ्याला निष्काळजी म्हणणं हे फार सौम्य झालं.

ड्रायव्हर गरीब आहे, त्याला दंड कशाला, असं दयाळू लोक विचारतात. बरोबर, त्याला करूच नका. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर जातेच. तिथे पाचटाची वजावट करायला नजर तीक्ष्ण असते, वजन किलोपर्यंत मोजलं जातं. त्याच खिडकीतून एकदा मागे बघायचं: दिवा नाही, तर वजन नाही. मालक संध्याकाळपर्यंत दिवा बसवेल. अडचण एवढीच की या व्यवस्थेत पाहुण्यांना कामच उरत नाही.