परवानगीशिवाय झालेला बदल

1 मे 2020 रोजी शुक्रवार होता. महाराष्ट्राला साठ वर्षं झाली, कामगार दिनही तोच, आणि पाठोपाठ शनिवार-रविवार. लॉकडाऊनमुळे सगळे घरातच होते, तरी सुट्टी ती सुट्टी. नेमका तोच मुहूर्त साधून फिनलंडच्या एफ-सिक्युअर या संगणक-सुरक्षा कंपनीने जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांना कळवलं होतं की शुक्रवारपर्यंत पॅच लावा, नाहीतर सोमवारी सर्व्हर तुमचे राहिलेले नसतील. कामगार दिनी कामगारांना इतकं टाकून बोलू नये.

प्रकरण सॉल्ट नावाच्या सॉफ्टवेअरचं. शेकडो-हजारो सर्व्हरना एका जागी बसून हुकूम सोडायचे, हे पॅकेज टाक, ती सेवा बंद कर, यासाठी ते वापरतात. हुकूम सोडणारा तो ‘मास्टर’, पाळणारे ते ‘मिनियन’. मिनियन उलट प्रश्न विचारत नाही. सरकारी खात्यात नोकरी केलेल्यांना ही रचना निराळी समजावून सांगायला नको.

गडबड मास्टरमध्येच निघाली. बाहेरून आलेल्या विनंत्या तो ज्या पोर्टवर ऐकतो, तिथे ओळख न पटवताही काही आतली फंक्शनं चालवता येत होती, आणि त्यातल्या एकाकडून तर मास्टरची मूळ चावीच हाती पडत होती. सोसायटीच्या वॉचमनला कुणीही येऊन म्हणावं ‘सगळ्या फ्लॅटच्या चाव्या दे’ आणि त्याने नावसुद्धा न विचारता जुडगा पुढे करावा, तसं. धोक्याच्या मोजमापात या भोकाला दहापैकी दहा गुण पडले. असे सहा हजारांवर मास्टर थेट इंटरनेटवर उघडे सापडले. ते कुणी आणि का उघडे ठेवले, हे विचारणं असभ्यपणाचं ठरेल.

दुरुस्त आवृत्त्या 29 एप्रिललाच आल्या होत्या. पण मोठ्या कंपनीत सर्व्हरला असा उठून हात लावता येत नाही. आधी फॉर्म. त्यात बदलाचं कारण, परिणाम, आणि बदल फसला तर माघारी कसं यायचं याचा आराखडा. मग बदल मंजुरी समिती. ‘चालतंय ना? मग हात लावू नका’ हे तिचं घोषवाक्य कुठे लिहिलेलं नसतं, पण तोंडपाठ सगळ्यांना असतं.

चोरांकडे समिती नव्हती. एफ-सिक्युअरने भोक वापरायची कृती मुद्दाम छापली नव्हती. मात्र जाणकाराला ती चोवीस तासांच्या आत जमेल, असंही सांगून टाकलं होतं. जमली. शनिवार-रविवारातच लिनिएजओएस हे अँड्रॉइडचं रूप बनवणाऱ्यांच्या सर्व्हरमध्ये चोर शिरले, घोस्ट या ब्लॉगसेवेत शिरले, आणि प्रमाणपत्रं देणाऱ्या डिजिसर्टच्या एका नोंदवहीच्या सर्व्हरपर्यंतही पोचले. फायरवॉल विकणाऱ्या सिस्कोचेही सहा सर्व्हर याच भोकातून गेले, हे महिनाअखेरीस सिस्कोनेच जाहीर केलं. लिनिएजओएसच्या सह्यांच्या चाव्या वेगळ्या यंत्रांवर होत्या म्हणून वाचल्या. शहाण्या माणसांचा या कथेत एवढाच उल्लेख.

आता हजारो यंत्रांचं राज्य हाती आल्यावर चोरांनी काय करावं? आभासी चलनाचं खाणकाम! पण काम मात्र शिस्तीचं. त्यांच्या प्रोग्रॅमने आपलं नाव ठेवलं ‘सॉल्ट-मिनियन्स’, म्हणजे खऱ्या नावाला एक ‘स’ जोडून. हजेरीपटावर नुसती नजर फिरवून सही करणाऱ्या साहेबाला कळूही नये. मग या प्रोग्रॅमने फायरवॉल बंद केली आणि आधीपासून कुणा दुसऱ्याचं खाणकाम चालू असेल तर तेही हुडकून मारलं. सर्व्हरवर नेमकं काय काय चाललंय याची इतकी कसून तपासणी मालकांनी वर्षानुवर्षं केली नसेल. त्याबद्दल चोरांनी बिलही लावलं नाही.

घोस्टला चोरी कळली ती प्रोसेसरवर अचानक ताण येऊन सगळं कोलमडलं तेव्हा. चोर हावरट निघाले, हे नशीब. बेताने खाणारा चोर असता तर तो अजूनही तिथेच असता, आणि एव्हाना त्याला दोन बढत्या मिळाल्या असत्या.

सोमवारी समिती बसते तेव्हाचं इतिवृत्त कुणी छापत नाही, पण ते साधारण असं असणार: ‘शनिवारी रात्री सर्व्हरवर एक बदल झाल्याचे निदर्शनास आले. सदर बदलाचा फॉर्म प्राप्त झालेला नाही. सबब तो नियमबाह्य समजण्यात यावा.’ पॅचचा विषय पुढच्या बैठकीवर. माघारी येण्याच्या आराखड्यावर सही राहिली होती.

वास्तविक मास्टरचे 4505 आणि 4506 हे दोन पोर्ट बाहेरच्या जगाला बंद ठेवले असते, फक्त आपल्या मिनियननाच उघडे राहू दिले असते, तर ही सुट्टी बिनघोर गेली असती. त्याला पॅच लागत नाही, नवी आवृत्ती लागत नाही. फायरवॉलमध्ये एक-दोन ओळी घालायच्या. पण फायरवॉल नेटवर्क विभागाच्या अखत्यारीत येते. त्यांचा फॉर्म वेगळा आहे, आणि त्यांची समिती महिन्यातून एकदाच बसते.