बॅटरी आहे का?

आमच्या देवरुखात बॅटरी म्हणजे टॉर्च. रात्री परसात जायचं तर बॅटरी, सळसळ झाली तर बॅटरी. तिच्या पोटात घालतात ते सेल. ही परिभाषा आप्पांनी सत्तर वर्षं निर्वेध वापरली. मुंबईच्या विमानतळावर ती कोलमडली.

"काका, चेक-इनच्या बॅगेत बॅटरी आहे का?"

"आहे की! दोन सेलची."

काउंटरवरच्या मुलीचा चेहरा उतरला. बराच खल झाल्यावर कळलं की साध्या सेलचा टॉर्च बॅगेत चालतो, फक्त चुकून पेटू नये एवढंच. तिला धास्ती होती पॉवरबँकेची. ती होतीच. ओरखडा उठू नये म्हणून मीच ती आप्पांच्या लेंग्यात गुंडाळून तळाशी ठेवली होती.

"ती हातातल्या बॅगेतच घ्यावी लागेल."

"का?" आप्पा गणिताचे निवृत्त मास्तर. सिद्धता मिळाल्याशिवाय त्यांचं पाऊल हलत नाही, मागची रांग दाराबाहेर गेली तरी.

मुलगी सोशिक होती. लिथियमचा एक सेल बिघडून तापला की शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला, मग थांबवणं कठीण.

"भाऊबंदकी," आप्पांना तत्काळ पटलं.

वर केबिनमध्ये धूर आला तर कुणाला तरी दिसतो, कर्मचारी पाणी ओतून ते गार करतात. खाली सामानात कोण बघणार? तिथला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतला ताप उतरवत नाही.

मग मर्यादा निघाली: 100 वॉट-तास. आप्पांनी माझ्या तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. 20000 मिलिअँपिअर-तास, भागिले 1000, गुणिले 3.7 व्होल्ट. "चौऱ्याहत्तर! पास." 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच नेता येतात, हे ऐकल्यावर त्यांनी "ग्रेस मार्क" असा शेरा मारला.

पॉवरबँकेसाठी बॅग उघडली आणि वरच खोबऱ्याच्या वाट्या. ताईकडच्या लसणाच्या चटणीसाठी.

"काका, हेही नाही चालणार."

"खोबरं? याला वायर कुठाय?"

सुकं खोबरं तेलकट. ढिगात साठवलं की आपोआप तापू शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या जागतिक यादीत त्याला चक्क स्वतंत्र क्रमांक आहे, 1363.

"चाळीस वर्षं फळीवर आहे," आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "कधी तापलं नाही. तापली ती तुझी आई."

टाकवेना. बाजूच्या बाकावर बसून, चिवड्याच्या डब्यातल्या गुळाबरोबर, दोघांनी तीन वाट्या संपवल्या. उरलेली एक आप्पांनी त्या मुलीपुढे धरली. तिने नियमाने नकार दिला आणि इकडेतिकडे बघून एक तुकडा उचलला.

विमानात आप्पांनी पॉवरबँक मांडीवर घेतली. दर पाच मिनिटांनी तिला उलटा तळहात लावून बघत, पोराच्या कपाळाला लावतात तसा. शेजारच्या गृहस्थांनी न राहवून विचारलं, "काय झालंय?"

"अजून तरी काही नाही," आप्पा म्हणाले.