मुलं शिकताना आढळली!

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मोहगाव नावाचं गाव आहे. तिथे 2019 पासून एक गंभीर प्रकार राजरोस चालू होता. मुलं शाळेत येत होती आणि शिक्षक काय बोलतात ते त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. ग्रामसभेने ठराव करून, सरकारी अनुदानाची वाट न पाहता, गोंडी माध्यमाची शाळा काढली होती. नाव ठेवलं ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’. शिक्षण खात्याने 2022 मध्ये हा प्रकार हाणून पाडायचं ठरवलं आणि शाळा अनधिकृत असल्याची नोटीस बजावली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मान्यता नसलेली शाळा चालवली तर 1 लाख रुपयांपर्यंत दंड होतो आणि तरीही चालू ठेवली तर रोजचे 10 हजार. ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. मुलांना शिकू द्या म्हणून कोर्टात जावं लागणं, हेही एक शिक्षणच.

खात्याचं अभिनंदन करायला आम्ही जरा उशिराच आलो आहोत, पण ते मनापासून आहे. नियम म्हणजे नियम. मान्यतेसाठी काय लागतं ते कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे: शिक्षकामागे एक वर्गखोली, मुख्याध्यापकांची खोली, स्वयंपाकघर, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण. मुलाला कळेल अशी भाषा या यादीत नाही. ती कलम 29 मध्ये सापडते, पण तिथे ‘शक्य असेल तिथवर’ अशी पुस्ती जोडलेली आहे आणि काय शक्य आहे ते कचेरी ठरवते. सरकारने स्वतः काढलेल्या शाळेला मात्र कलम 18 ची मान्यता घ्यावी लागत नाही. रास्तच आहे. सरकार स्वतःला ओळखतं.

काही टीकाकार यावर संविधानाचा अनुच्छेद 350-क काढून दाखवतात. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणांनी प्रयत्न करावा, असं तिथे 1956 पासून लिहिलेलं आहे. टीकाकारांनी ‘प्रयत्न’ नीट वाचावा. खातं प्रयत्न करत होतं. मोहगावने प्रयत्न न करता सरळ शाळाच काढली. अशाने प्रयत्नांना वाव कुठे उरतो?

मातृभाषेचं महत्त्व महाराष्ट्राला कळत नाही, असाही गैरसमज कोणी करून घेऊ नये. 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला तेव्हा अख्खा महाराष्ट्र खवळून उठला. घरात न बोलली जाणारी भाषा सहा वर्षांच्या जिवावर लादू नये, त्याने मेंदू शिणतो, मूल आपल्या मुळांपासून तुटतं, हे बालमानसशास्त्र त्या दिवसांत चहाच्या टपरीवरही तोंडपाठ होतं. 29 जूनला सरकारने माघार घेतली. 5 जुलैला वरळीत विजयी मेळावा झाला आणि जवळपास वीस वर्षांनी दोन ठाकरे भाऊ एका व्यासपीठावर आले.

हे शास्त्र अचूक आहे, फक्त त्याची हद्द आखून घ्यायला हवी. ते दादर, डेक्कन आणि डोंबिवलीला लागू होतं. धानोरा, धडगाव आणि धारणीला होत नाही. धारणीच्या पोराच्या घरी कोरकू बोलतात, धडगावच्या घरी पावरी. त्यांच्यावर पहिलीत मराठी येऊन आदळते तेव्हा तिला लादणं म्हणत नाहीत, मुख्य प्रवाहात आणणं म्हणतात. त्यात गोंडी द्राविडी कुळातली आणि कोरकू मुंडा कुळातली. म्हणजे मराठी मुलाला हिंदी जितकी जवळची, तितकीही मराठी या मुलांना जवळची नाही. पण आदिवासी मुलं मुळातच काटक असतात, असा आपला समज आहे. आणि संख्येचं म्हणाल, तर 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांवर भरले. तरी गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. संस्कृत मातृभाषा सांगणारे 25 हजारांच्या आत, आणि ती मात्र आहे. लोकशाहीत प्रत्येक वेळी डोकी मोजायची नसतात.

खरं दुःख हे, की मोहगावने रीतसर मार्ग सोडला. राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आश्रमशाळा आहेत, अनुदानित त्याहून काही जास्त. घर, बोली, आजी आणि तिच्या हातचं जेवण अशा शिक्षणातल्या सगळ्या अडथळ्यांपासून मुलाला तिथे लांब ठेवलं जातं. सुरुवातीला असं मूल वर्गात तोंडच उघडत नाही. वर्ग शांत ठेवण्याचा इतका सोपा उपाय शहरातल्या शाळांना अजून सापडलेला नाही. शेऱ्याच्या रकान्यात गुरुजी ‘अबोल’ लिहितात. तेच पोर सुट्टीत घरी गेलं की त्याचं तोंड बंद होत नाही, पण घरी शेऱ्याचा रकाना नसतो.

मुलांच्या सुखसोयींवरही खात्याची नजर असते. पूर्वी स्वेटर उन्हाळ्यात पोचतात अशी ओरड व्हायची. मग वस्तूंऐवजी बँकेच्या खात्यात थेट पैसे टाकायचं ठरलं. त्यानंतर उशीर झाला तरी तो डोळ्यांना दिसेनासा झाला. वसतिगृहांतल्या मेसच्या जेवणाऐवजीही पैसे देण्याचा निर्णय झाला, तेव्हा 2018 मध्ये ‘आम्हाला जेवणच द्या’ म्हणत मुलं पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाली. पोलिसांनी त्यांना वाटेतच अडवलं. पोरांच्या पायांची काळजी, दुसरं काय!

एका जागी मात्र आमची थट्टा थांबते. डॉ. सुभाष साळुंखे समितीने 2016 मध्ये आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हा पंधरा वर्षांतला आकडा हजाराच्या पुढे गेला. मुलांना नेमकं काय होत होतं, हे प्रत्येक वेळी डॉक्टरांनी शोधायचं आहे. पण रात्री पोटात कळ आली तर कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, हे सहा वर्षांच्या मुलाने अधीक्षिकेला कोणत्या भाषेत सांगायचं, एवढा प्रश्न विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. शाळेत मुलाची भाषा कळणारं एक माणूस असणं हा अस्मितेचा विषय होण्याच्या आधी जिवाचा विषय आहे.

असो. आदिवासी संस्कृतीवर आपला राग नाही. 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, आपण तारप्यावर नाच बसवतो आणि पाहुण्यांच्या गळ्यात हार पडेपर्यंत पोरांना उन्हात नाचवतो. वारली चित्रं आपण स्टेशनच्या भिंतीवर रंगवतो, साडीवर छापतो, चहाच्या मगावर काढतो. नाच मंचावर चालतो, चित्र भिंतीवर चालतं. बोली फळ्यावर आली की कलम 18 लागतं.

या गुन्ह्याला महाराष्ट्रात परंपराही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघी बायका डहाणूजवळच्या कोसबाडला जाऊन राहिल्या. गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हणाल्या. वर्गखोली नाही, मुख्याध्यापकांची खोली नाही, आणि कुरणाला कुंपण घालणार कुठून? शिक्षण हक्क कायदा 2009 चा, म्हणून दोघी सुटल्या. इतकंच नाही, ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं आणि अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. शाळा मुलाकडे नेणाऱ्याला तेव्हा दिल्लीहून सन्मानाचं पत्र यायचं. आता जिल्ह्याहून नोटीस येते.

तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे. दंडाची तरतूद उत्तमच आहे, ती सगळ्यांना सारखी लावावी. मुलाला मातृभाषेतून शिकवण्याचा प्रयत्न करायची जबाबदारी महाराष्ट्र राज्यावर 1 मे 1960 पासून, म्हणजे जन्मापासूनच आहे. तिथपासून 1 मे 2022 पर्यंत 22,645 दिवस होतात. मोहगावच्याच दराने रोजचे 10 हजार आणि वर सुरुवातीचे 1 लाख धरले, तर 22 कोटी 65 लाख 50 हजार रुपये भरतात. व्याज आम्ही माफ करतो. मूळ रक्कम तेवढी मोहगावच्या ग्रामसभेच्या खात्यात थेट जमा व्हावी. शाळेचा खर्च कसा करायचा ते ग्रामसभेला ठाऊक आहे, आणि खात्यात थेट पैसे टाकायची सवय सरकारला आहेच.