गडग्यापलीकडचा फोकस

"अगं, तुझ्या पडवीतला दिवा रात्रभर जळत होता. म्हटलं, कोणी आजारी-बिजारी आहे की काय!"

चहा घशाखाली उतरायच्या आत ही बातमी. आमच्या दिवेआगरात गडगा घरं वेगळी करायला नसतो, हनुवटी टेकायला असतो. शेजारच्या काकूंनी वाडीतून ओढत आणलेली सुपारीची झावळी तिथेच टाकली, म्हणजे बैठक लांबणार.

"विसरले हो विझवायला."

"विझवायला नाही, मालवायला म्हणावं." ही दुरुस्ती मला लग्न होऊन आले तेव्हापासून दर महिन्याला होते. "आणि तुम्हाला अंधार ठाऊक नाही म्हणून ही उधळपट्टी. निसर्ग वादळ विसरलात?"

कशी विसरेन? 3 जून 2020. सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि पुढे कितीतरी आठवडे गावाची रात्र सात वाजताच संपायची. फोन चार्ज करायला जनरेटर असलेल्या घरी जायचं, जाताना दोन शहाळी न्यायची. पण काकू सोयीस्करपणे एक गोष्ट गाळतात. लाईट परत आली त्या रात्री त्यांनी ओटी, माजघर, न्हाणी, गोठा, सगळीकडचे दिवे लावले आणि पहाट होईपर्यंत एकही मालवला नाही. मी पाहिलंय. गडगा दोन्ही बाजूंनी सारखाच बुटका आहे.

"काकू, तो नऊ वॅटचा एलईडी आहे. बारा तास जळला तरी युनिटचा दहावा भाग. महिनाभर रोज विसरले तरी सव्वातीन युनिट."

"आणि आमचा देवघरातला झिरोचा? तो तर शून्यच."

इथे मला राहवलं नाही. झिरोचा बल्ब शून्य कधीच नव्हता. चांगली बारा-पंधरा वॅट वीज खातो. जुन्या मीटरला एवढीशी वीज कळायची नाही, म्हणून त्याचं नाव झिरो. आताच्या मीटरला सगळं कळतं. म्हणजे काकूंचा शून्य माझ्या नऊवर भारी! काकू क्षणभर गप्प. हा योग वर्षातून एकदा येतो.

मग मी मागच्या अंगणाकडे बोट केलं. तिथे खोल्या भाड्याने घेणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या दिसाव्यात म्हणून त्यांनी 500 वॅटचा हॅलोजन टांगला आहे. संध्याकाळी सातला लागतो, सकाळी सहाला बंद. पाहुणे शनिवारी येतात, फोकस मात्र सोमवार-मंगळवारीही रिकाम्या अंगणाची राखण करतो.

"एका रात्रीचे साडेपाच युनिट, काकू. महिन्याचे एकशे पासष्ट. घरगुती मीटरवर शंभरच्या पुढच्या युनिटला जवळजवळ दुप्पट दर लागतो. तुमचा फोकस एकटाच शंभरी ओलांडतो, बाकीचं घर त्याच्या मागून महागात जातं."

"म्हणजे मी खोल्याखोल्यांतून बटणं बंद करत फिरते ते..."

"ते कराच. पण आधी हा."

खोल्यांचं दुखणं खरंच आहे. मुंबई-पुण्याची मंडळी समुद्रावर जाताना न्हाणीतला दिवा, पंखा, एसी सगळं चालू ठेवून कुलूप लावतात. विचारलं तर म्हणतात, खोलीचे पैसे दिलेत ना! काकू त्यांना मासे वाढतात पण दुसऱ्यांदा सोलकढी विचारत नाहीत. त्यांच्या परीने दंड.

काकूंची भाची घारापुरीत दिलेली. त्या बेटावर फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल नेऊन वीज आली. त्याआधी संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर चालायचा. "ती अजून खोलीतून उठली की आधी बटणाला हात लावते," काकू म्हणाल्या आणि सुनेच्या खिडकीकडे बघून आवाज चढवला, "नाहीतर आमच्याकडे!" खिडकीतला दिवा पटकन गेला. वास्तविक सून पोळ्या करत होती. आता अंधारात करत असेल.

शेवटचा डाव मी कासवांवर टाकला. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. रात्री वाळूतून वर आलेली पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात, कारण एरवी तिथे समुद्रच असतो. किनाऱ्यालगत झगझगीत दिवे असले की ती उलटी गावाकडे फिरतात.

"आमचा फोकस किनाऱ्यावर कुठे दिसतोय!" काकू म्हणाल्या. ते मात्र खरं होतं, मध्ये सगळी वाडी आहे. पण गेल्या थंडीत त्या नातवाचा हात धरून पिल्लं सोडताना बघून आल्या होत्या. झावळी उचलून निघाल्या तेव्हा एकदा त्या फोकसकडे बघितलंच.

आठ दिवसांत हॅलोजन उतरला. नातवाने वीस वॅटचा एलईडी आणून बसवला, कोणी जवळ आलं तरच लागणारा. काकू गावभर सांगतात की कल्पना त्यांचीच. असू दे.

परवा मात्र पुन्हा गडग्याशी आल्या, डोळे तांबारलेले. "काल रात्री तीनदा लागला गं. चोर असेल का?"

चोर नाही, आमचा बोका आहे. त्यांच्या ओट्यावर सुके बोंबील असतात. काकूंना मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका.