पहिल्या अध्यायाचे अण्णा

निवृत्त झाल्यावर माणूस घराला रंग काढतो, रक्तातली साखर मोजून घेतो, नाहीतर अध्यात्माला लागतो. हुबळी-धारवाडात या तिसऱ्या प्रकाराची सोय इतकी उत्तम आहे की पहिल्या दोन्हींकडे कुणी फारसं बघत नाही. हुबळीत सिद्धारूढ मठ आणि मूरुसाविर मठ, धारवाडात मुरुघा मठ, नुग्गीकेरीचा मारुती, बासेल मिशनचं चर्च, शिवाय दोन्हीकडे दर्गे आणि बसद्या. आणि ही दोन गावं जोडायला 'चिगरी' नावाची गारेगार बस. अशा ठिकाणी राहूनही एखाद्याला मोक्ष मिळाला नाही तर त्याचा दोष महानगरपालिकेला देता येत नाही.

आमच्या गल्लीतले अण्णा रेल्वेतून निवृत्त झाले त्याच आठवड्यात अध्यात्माला लागले. त्याला बरीच वर्षं झाली. अजून लागतच आहेत. अण्णा म्हणजे कुणी एक माणूस समजू नका, हा वाण आहे. तुमच्याही गावात असेल. आमच्याकडच्या काळ्या मातीत जरा जोमानं येतो, इतकंच.

अण्णांच्या कपाटात जगातले बहुतेक धर्मग्रंथ आहेत आणि त्या प्रत्येकाची सुरुवात अण्णांना तोंडपाठ आहे. गीता त्यांनी पहिल्या अध्यायापर्यंत वाचलेली आहे. त्यामुळे त्यांचा अर्जुन कित्येक वर्षं धनुष्य टाकून रथात बसून आहे. श्रीकृष्णानं त्यावर त्याला काही सांगितलं, की तोही उतरून घोड्यांना पाणी दाखवायला गेला, याची अण्णांना नक्की कल्पना नाही. बायबलात ते नोहाच्या तारवापर्यंत पोचले. पाऊस लागला आणि पुस्तक मिटलं. ज्ञानेश्वरीतलं नमन झालं, धम्मपदाचा पहिला वर्ग झाला, तत्त्वार्थसूत्राचा पहिला अध्याय निम्म्यावर आला. कुराणात मात्र त्यांनी एक आख्खा अध्याय पुरा केला आहे. तो फातिहा, म्हणजे सातच आयतींचा, पण पुरा तो पुराच. सगळे धर्म मुळात एकच आहेत असं ते ठासून सांगतात, आणि मुळापुरतं बोलायचं तर त्यांच्याइतका अधिकारी माणूस आमच्या भागात नाही.

प्रत्येक आरंभाला एक वही लागते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, गुरुवारी आणलेली. पहिल्या पानावर 'श्री', खाली तारीख, त्याखाली 'आजपासून' असा शब्द आणि पुढे संकल्प. दुसऱ्या पानापासून काकूंचा दुधाचा हिशोब सुरू होतो. परवा गवळ्याशी दोन लिटरवरून वाद झाला तेव्हा काकूंनी सूफी पंथाची वही काढून दाखवली आणि गवळी गप्प झाला.

काकूंची खरी अडचण स्वयंपाकाची. वैष्णव आठवड्यात कांदा-लसूण बंद, जैन आठवड्यात त्यात बटाटा आणि गाजराची भर, बौद्ध आठवड्यात दुपारनंतर जेवणच नाही. त्यामुळे सकाळी त्या फोडणीचं तेल तापत ठेवून एवढंच विचारतात, "अहो, आज बटाटा चालतंय काय?" यावरून त्यांना धर्म कळतो. आमच्या गल्लीतल्या जैन आजोबांनी अण्णांना चातुर्मासाचे नियम मोठ्या प्रेमानं समजावून दिले होते. अण्णांनी ते तिसऱ्या दिवसापर्यंत पाळलेही. मग संध्याकाळी गिरमीटची गाडी आली. ज्यांनी हुबळीचं गिरमीट खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: चुरमुऱ्यांना कांदा-चिंचेचा शिजवलेला गोज्जू चोळायचा, वर पुठाण्याची पूड, त्यावर मूठभर कच्चा कांदा, शेजारी गरम मिरची भजी. यातला कांदा काढला तर उरतं ते व्रत. आणि गाडी लागते सूर्यास्तानंतरच. एकाच प्लेटमध्ये दोन नियम मोडले. अण्णा म्हणाले, "शरीराचा धर्मही धर्मच की हो."

रमजानातही त्यांनी एक रोजा धरला होता. शेजारच्या मोहल्ल्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडे पहाटे सहरीला गेले, व्यवस्थित जेवले, घरी येऊन पडले. उठले तेव्हा नाश्त्याची वेळ झाली होती. संध्याकाळी इफ्तारला मात्र वेळेवर हजर. सहकारी सज्जन माणूस, त्यानं खजूर पुढे करत एवढंच विचारलं, "मधलं कसं गेलं, अण्णा?"

त्यांची शबनम पिशवी ही बघण्यासारखी चीज आहे. तीत रुद्राक्षांची माळ, तुळशीची माळ, मुंडगोडहून आणलेली तिबेटी माळ (या तिन्ही १०८ मण्यांच्या), अजमेरहून कुणीतरी दिलेली ३३ मण्यांची तसबीह आणि जुन्या गोव्यात घेतलेली ५९ मण्यांची रोझरी. एके संध्याकाळी साधनकेरीच्या तळ्याकाठी बाकावर बसून त्यांनी जपाला म्हणून पिशवीत हात घातला तर पाचही माळा एकमेकींत गुंतून एकच गुंता हाती आला. मी शेजारीच होतो. अण्णांनी चष्मा वर केला, गुंता मांडीवर घेतला आणि सोडवायला बसले. रोझरीचा क्रूस तुळशीच्या मेरुमण्यात अडकला होता, तसबीहचा गोंडा रुद्राक्षात. नखानं एकेक मणी मागं सरकवत, गाठ सैल करत, ओठ किंचित उघडे, फुटाणेवाला दोनदा ओरडून गेला तरी मान वर नाही. अर्धा-पाऊण तास गेला असेल. इतक्या वर्षांत अण्णांना एकाग्र झालेलं मी तेवढ्याच वेळी पाहिलं. माळा सुटल्या तेव्हा अंधार पडला होता. "जप राहिला," म्हणाले आणि उठले.

साधनकेरी त्यांनी निवडली ती तिथे राहिलेल्या कवी बेंद्र्यांमुळे. बेंद्र्यांची घरची भाषा मराठी, झाले कन्नडचे वरकवी, 'नाकु तंती'ला १९७३ सालचं ज्ञानपीठ. 'इथल्या हवेतच काहीतरी आहे' असं अण्णांचं मत. आम्हा धारवाडी मराठी लोकांचं तसंही असंच: १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, नंतर म्हैसूर राज्यात, घरात मराठी, दारात कन्नड आणि देवापुढे जे आधी तोंडात येईल ते. अण्णा ग्रंथ पुण्याहून मागवतात आणि शंका कन्नडातून विचारतात.

ती रोझरी घेऊन ते एका रविवारी बासेल मिशनच्या चर्चात गेले. मिशनची माणसं १८३७ मध्ये धारवाडला आली, तेव्हापासून त्यांनी नाना तऱ्हेची माणसं पाहिलेली आहेत; पण पहिल्या बाकावर मांडी घालून मणी ओढत बसलेला धोतरवाला बहुधा पहिलाच. प्रार्थना झाल्यावर तिथले एक वडीलधारे जवळ आले आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, "ही माळ कॅथलिकांची, री. आम्ही प्रोटेस्टंट. आमच्यात नसते." अण्णा दचकले. तिथेही शैव-वैष्णव असतात हे त्यांच्या पहिल्या अध्यायात आलेलं नव्हतं.

इगतपुरीचं प्रकरण त्यामानानं थोडक्यात आटपलं. विपश्यनेचं शिबिर दहा दिवसांचं. पहाटे चारला घंटा, संध्याकाळी नव्या साधकाला चहा आणि फळं, रात्रीचं जेवण नाही. फोन नाही, वही नाही, बोलणं नाही. वही नाही म्हटल्यावर अण्णांचा निम्मा आधार तिथेच गेला. कितव्या दिवशी परतले ते ते सांगत नाहीत. काकूंनी डब्यात भरून दिलेले लाडू मात्र बरेचसे परत आले होते, यावरून अंदाज बांधावा. मौनाचं महत्त्व त्यांना तिथे पटलं. तेव्हापासून मौनाविषयी ते अखंड बोलतात.

मुंडगोडला मीही बरोबर होतो. हुबळीहून दीडेक तासाचा रस्ता. १९६६ मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत तिथे झाली आणि मागाहून द्रेपुंग आणि गांदेन हे ल्हासाकडचे जुने मठ तिथे नव्यानं उभे राहिले. तिथल्या भिक्षूंची वादविवादाची रीत अशी की एकजण खाली बसतो, दुसरा उभा राहून प्रश्न टाकतो, आणि प्रश्न टाकताना पाय आपटून त्याच्या तोंडासमोर खाडकन टाळी वाजवतो. शंभरेक तरुण अंगणात एकदम हे करायला लागले की कानठळ्या बसतात. अण्णांना वाटलं मारामारी जुंपली. रेल्वेत युनियनचे तंटे मिटवलेला माणूस, "बिडरी, बिडरी!" (सोडा, सोडा!) म्हणत ते मधे घुसले. खाली बसलेला भिक्षू आणि उभा असलेला भिक्षू, दोघेही हसत सुटले. मग त्या उभ्या पोरानं स्वच्छ कन्नडात अण्णांनाच प्रश्न केला आणि टाळी वाजवली. प्रश्न काय होता ते टाळीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. अण्णांनी उत्तरादाखल उलट टाळी दिली. शून्यवाद आपल्याला तिथल्या तिथे समजला असं ते नंतर बसमध्ये म्हणाले, आणि लगेच झोपले.

पण अण्णांचं खरं तीर्थ म्हणजे शिशुनाळ. हावेरी जिल्ह्यातलं हे खेडं संत शरीफसाहेबांचं (१८१९–१८८९). जन्मानं मुसलमान, गुरू कळसचे गोविंदभट्ट नावाचे ब्राह्मण. दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली. या दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. समाधीला हिंदू-मुसलमान दोघंही येतात. नागाभरणांनी १९९० मध्ये शरीफसाहेबांवर सिनेमा काढला, त्यात आमच्या धारवाडचे गिरीश कार्नाड गोविंदभट्ट झाले होते. अण्णांचा शिशुनाळचा अभ्यास मुख्यतः त्यावरचा, आणि तोही मध्यंतरापर्यंत.

तिथे एक म्हातारे एकतारीवर कोंबडीनं माकड गिळल्याचं ते प्रसिद्ध उलटं पद गात बसले होते. पद संपताच अण्णांनी त्यांना त्याचा अर्थ सांगायला सुरुवात केली. कोंबडी म्हणजे कुंडलिनी, माकड म्हणजे मन, गिळणं म्हणजे लय, आणि याला झेनमध्ये असं म्हणतात, ख्रिस्ती संतांत तसं म्हणतात. म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकतारी भिंतीला टेकवून विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवण झालेलं नव्हतं. म्हाताऱ्यानं घरी नेलं, ज्वारीची भाकरी आणि वांग्याची पल्ल्या वाढली. अर्थाचा विषय पुन्हा निघाला नाही.

परतताना मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, शरीफसाहेबांनी गुरू किती केले?"

"एकच."

"मग?"

अण्णांनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाले, "त्या काळी प्रवासाची सोय नव्हती, री."

ज्याची कमाल वाटते ती गोष्ट वेगळीच. सिद्धारूढ स्वामींचा मठ अण्णांच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. स्वामींनी १९२९ मध्ये समाधी घेतली. त्यांच्यापाशी जातपात न बघता माणसं येत, मराठी मुलखातूनही येत. बेळगावच्या कलावती आईंचे गुरू तेच. सगळ्या दिशांची माणसं आपल्या दारात येऊन गेली, आणि अण्णा मात्र त्या दारातून बाहेरच्या दिशेनं निघालेले. मी विचारलं तर म्हणाले, "तो काय, जवळच आहे. केव्हाही सुरुवात करता येईल." तिथे ते जातात ते प्रसादाला आणि पाहुण्यांना दाखवायला.

पहाटेचं चालतं-ध्यान मात्र ते हुबळी स्टेशनावर करतात. स्टेशनलाही स्वामींचंच नाव. तिथला १५०७ मीटरचा प्लॅटफॉर्म जगात सर्वांत लांब. २०२३ च्या मार्चमध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा अण्णा निवृत्त असूनही पुढच्या रांगेत होते. प्रवास सुरू करण्याची जागा पृथ्वीवर सर्वांत ऐसपैस कुठे असेल तर ती याच गावात. अण्णा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, पावलांवर लक्ष ठेवून जातात. दीड किलोमीटर चालून प्लॅटफॉर्मवरच असतात. निवृत्त रेल्वेवाल्याला गाडीत चढायची घाई नसते.

प्रत्येक नव्या आरंभाला गल्लीत धारवाडी पेढे वाटले जातात. लाईन बझारातून, चांगले पाव किलो, साखरेत घोळलेले. पेढेवालाही आता ओळखतो. बांधून देता देता विचारतो, "ई वार यारु, अण्णा?" म्हणजे, या आठवड्यात कोण? अण्णा नाव सांगतात. तो मान डोलावतो. "मुंदेन्री?" म्हणजे पुढे काय, हा पुढचा प्रश्न त्यानं आजवर विचारलेला नाही, गिऱ्हाईक तुटेल असं काही तो करणार नाही.

अण्णांचा उपयोग नाही असं समजू नका. कुठल्या मठात कितीला पंगत बसते, चपला कुठे सुरक्षित राहतात, वरूरच्या ६१ फुटी पार्श्वनाथाला जायची बस कुठून सुटते, उळवीच्या जत्रेला बैलगाड्या केव्हा निघतात आणि कंबर धरली तर वाटेत उतरून परतीची बस कुठे मिळते, हे सगळं त्यांना मुखोद्गत आहे. पहिल्या पायरीपर्यंत नेऊन सोडणारा इतका भरवशाचा वाटाड्या या जोडनगरीत दुसरा नाही, आणि पायरीवर पोचवल्याबद्दल ते कुणाकडून पै घेत नाहीत, उलट पेढा देतात.

तेव्हा अध्यात्माला सुरुवात करायची मनात असेल तर हुबळीला या. अण्णांना आधी कळवा, स्टेशनवर न्यायला येतील. दुसऱ्या अध्यायाचं मात्र त्यांना काही विचारू नका.