टिटवीला कुजबुज खपत नाही

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह आला (५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ सलीम अलींच्या) की मनीषनगरातून भल्या पहाटे गाड्या अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानाकडे वळतात. गाडीत बसतानाच प्रत्येकाला पहिला नियम ऐकवला जातो: तिथे तोंड बंद ठेवायचं. नियम ऐकायला बरा, पण तो नागपूरकराला लावणं म्हणजे सावजी रश्श्यातून तिखट वगळणं. चार जण उतरले की पाच मिनिटं मौन टिकतं, सहाव्या मिनिटाला बेसा रोडवरच्या प्लॉटचा भाव निघतो, आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेला जाणकार 'श्श' करतो. माझं म्हणणं एवढंच, की या चौघांनी मुळीच ओशाळू नये. शहरालगतच्या जंगलातला पक्षी बोलणाऱ्याला फारसा भीत नाही. बोलता बोलता एकदम गप्प होऊन टक लावणाऱ्याला भितो.

पुरावा हवा तर अंबाझरीपर्यंतही जायला नको. मनीषनगरच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर टिटवी बघा. गिट्टीत बसलेली, पोटाखाली गिट्टीच्याच रंगाची अंडी. शेजारी काँक्रीटचा मिक्सर फिरतो, पाण्याचा टँकर रिव्हर्स घेतो, पलीकडे सोनेगावला विमान उतरतं, बाई ढिम्म. फोनवर भांडत जाणाऱ्या माणसासाठी ती फार तर चार पावलं सरकते आणि मान एक झटका वरखाली करते. तोच माणूस फोन खाली करून थांबला, तिच्याकडे वळला, की आकांत करत थेट त्याच्या डोक्यावर झेप. तिचा हिशेब चोख आहे. मांजर गप्पा मारत येत नाही, मुंगूसही नाही. दबकत, थांबत, नजर रोखून येतो तो खायलाच येतो. आणि आपला निरीक्षक मातकट टोपी घालून, गुडघ्यात वाकून, श्वास रोखून नेमकं तेच करत असतो! हा नुसता तर्क नाही. २००८ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी स्टार्लिंग पक्ष्यांसमोर (आपल्या साळुंकीचे हे विलायती चुलतभाऊ) खाणं ठेवलं आणि जवळ माणूस बसवला. माणूस खाण्याकडे बघत असला की पक्षी यायला वेळ लावत. त्याने नजर फिरवली की लवकर येत आणि जास्त खात. लग्नात गुलाबजामच्या काउंटरमागचा माणूस बघत असला की आपलंही दुसऱ्यांदा जाणं लांबतंच.

जाणकार म्हणेल, गोंगाटाचा पक्ष्यांना त्रास होतो. होतो, नाही कोण म्हणतं? हॉलंडमधल्या लायडन शहरात गजबजलेल्या भागातली रामगंगा गाण्याची पट्टी चढवते, हे २००३ मध्येच दिसून आलंय. पण ती रहदारीची अखंड घरघर. चार माणसांची चालती बडबड कुठून आली, कुठे निघाली हे पक्ष्याला न बघता कळतं. शिवाय मौनाचा हाच कैवारी खिशातून मोबाइल काढून नवरंगाचा आवाज वाजवतो, त्याचं काय? तो बिचारा पाऊस तोंडावर आला की विदर्भात येतो, घर मांडतो, आणि हद्दीत परका नर घुसला असं समजून कामधाम टाकून भांडायला धावतो. आपल्या प्लॉटवर कुणी कुंपण घातल्याचं कळलेल्या मालकासारखा.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: गप्पांत रंगलेल्याला पक्षी दिसणार कधी? यावर सातभाईंकडे बघावं. सहा जण पालापाचोळा उलथत अखंड कचकच करतात, एक वरच्या फांदीवर बसून राखण करतो. चौघांच्या गटातही तिघांनी बोलावं, एकाने बघावं आणि दर दहा मिनिटांनी पाळी बदलावी. घरट्याजवळ मात्र बोलणं आणि थांबणं दोन्ही नको, पुढे चालू पडावं.

राहता राहिला बिबट्या. त्याच्या वाटेवर रात्री जायची वेळ आली तर मोठ्याने बोलत चला, मोबाइलवर गाणी लावा, असं वनखातंच सांगतं; माणसाची चाहूल लागली की तो आपणहून बाजूला होतो. म्हणजे गप्पा मारणाऱ्याला बिबट्या दिसणार नाही, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. २०२१ च्या मे महिन्यात तो गायत्रीनगर, आयटी पार्ककडे आला होता, तेव्हा ज्यांना दिसला त्यांच्यापैकी कुणी दुर्बीण घेऊन पुन्हा त्याच गल्लीत गेल्याचं ऐकिवात नाही.